क्लाऊनफिशची जोडी जमवताना : भांडण कुठवर चालू द्यायचं, कधी वेगळं काढायचं

मैत्रिणींनो, खाडीकाठच्या आपल्या गावांत गटाचा धंदा म्हटला की पापड-मसाला, सुकी मासळी, कुठे खेकडापालन, कुठे जिताडापालन. त्यात आता शोभेचे मासे आलेत. 2017 साली सुरू झालेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडा, कालवं, जिताडा यांच्याबरोबर शोभिवंत मासेही आहेत. आपल्याला पनवेलहून जवळ पडणाऱ्या ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या तांत्रिक मदतीने समुद्री शोभिवंत माशांची पैदास सुरू केली. त्यातला मुख्य मासा म्हणजे क्लाऊनफिश. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. पोरं त्याला सिनेमामुळे ‘निमो’ म्हणतात.

हा मासा दिसायला गोजिरवाणा, पण जोडी जमवताना एकमेकांच्या जिवावर उठू शकतो. आणि जोडी म्हणजे गटाचं भांडवल. पिल्लू आणून ते अंडी घालण्याजोगं व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढं खाद्य, वीज, मेहनत घालून एका रात्रीत मादीने नराला मारलं तर सगळं पाण्यात. म्हणून या अंकातला धडा फक्त एवढ्यावरच : त्यांचं भांडण ओळखायचं कसं आणि आवरायचं कसं.

1. या घरात कारभारीण मादी असते

आधी माशाचं घर समजून घेऊ. ते समजलं की निम्मी भांडणं का होतात ते आपोआप कळतं.

क्लाऊनफिश जन्मतः मादी नसतो. सगळी पिल्लं आधी नराच्या वाटेवरची. एका घरात जो सगळ्यात मोठा आणि वरचढ, तो मादी होतो. दुसऱ्या नंबरचा तिचा नर. बाकीचे लहान राहतात, अंड्यांशी त्यांचा संबंध नाही. मादी मेली तर नर हळूहळू मादी बनतो आणि तिसऱ्या नंबरचा नर होतो. नवल वाटू देऊ नका. आपला जिताडासुद्धा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : नराची मादी होते, मादीचा परत नर होत नाही. म्हणून दोन तयार माद्या एका टाकीत टाकल्या तर कितीही दिवस थांबलात तरी जोडी जमणार नाही. एक मरेपर्यंत भांडण चालतं.

आता उतरंड टिकते कशी? पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पीटर बस्टन या अभ्यासकाने या माशांची मापं घेतली आणि 2003 साली ती प्रसिद्ध केली. त्यात दिसलं की खालच्या नंबरचा मासा आपली वाढ मुद्दाम रोखून धरतो. वरच्याच्या साधारण 80 टक्के मापाच्या आसपास तो थांबतो. म्हणजे लहान राहणं हेच त्याचं सांगणं, ‘मी तुझ्या जागेवर डोळा ठेवलेला नाही.’ दोघांचं माप जवळ जवळ आलं की वरच्याला धोका वाटतो आणि तो खालच्याला हाकलून लावतो.

समुद्रात हाकललेला मासा पळून जातो. आपल्या काचेच्या टाकीत पळणार कुठे? तोच कोपरा, तेच पाणी. समुद्रात जे भांडण दोन मिनिटांत मिटलं असतं ते टाकीत जीव घेईपर्यंत चालतं. दोष माशाच्या स्वभावाचा कमी, भिंतींचा जास्त.

2. भांडण कमी करणारी टाकी

जोडी आणण्याआधी टाकी नीट असावी. पाणी खराब, ऊन तापलेलं, जागा अपुरी, की मासा चिडचिडा होतो. हे पाहून घ्या :

- माप : एका जोडीला निदान 100 लिटरची टाकी. मोठी असली तर चांगलंच.
- पाणी : पनवेलच्या खाडीचं पाणी टाकीत घालू नका. ते गढूळ, सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात त्यातला खारटपणा एकदम उतरतो. गोड्या पाण्यात मत्स्यालयाचं तयार समुद्री मीठ विरघळवून घ्या. नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरीन आधी घालवा. साधारण लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे 100 लिटरला साडेतीन किलो. उरण-पेणच्या मिठागरातलं किंवा स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. मीठ जमताना समुद्राच्या पाण्यातले बरेचसे इतर क्षार मागच्या पाण्यात राहून जातात, आणि माशाला तेही लागतात.
- खारटपणा : हायड्रोमीटरवर 1.023 ते 1.026. पाणी आटलं तर वरून गोडं पाणी घाला, खारं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं.
- तापमान : 26 ते 28 अंश. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत टाकी ठेवू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.
- टाकी पिकवणं : फिल्टर चालू करून चार ते सहा आठवडे टाकी तशीच चालवा, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राईट शून्य आल्याशिवाय मासा सोडायचा नाही.
- वीज : आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणं नवीन नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

आता आडोशाचं. दोन-तीन मातीच्या कुंड्या आडव्या ठेवा, एखादं कौल उभं टेकवा. अंतर ठेवून ठेवा, म्हणजे एक मासा एका कुंडीशी असताना दुसऱ्याला त्याची नजर चुकवता येईल. एकच कुंडी ठेवली तर त्या कुंडीवरूनच महाभारत. समुद्रातलं फूल, म्हणजे समुद्री ॲनिमोन, आणायची गरज नाही. टाकीत कुंडीवर हे मासे सुखाने राहतात, अंडीही घालतात. आणि पोवळ्याचे दगड समुद्रातून कुणी आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. पोवळ्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. धंद्यापायी गुन्हा अंगावर नको.

3. जोडी जमवण्याच्या दोन रीती

पहिली रीत : पाच-सहा पिल्लं एकत्र. पैदास केंद्रांतून ही रीत वापरतात. एकाच जातीची पाच-सहा लहान पिल्लं मोठ्या टाकीत एकत्र सोडायची. पुष्कळ जणांत राग वाटला जातो, एकावरच सगळा मार बसत नाही. तीन-चार महिन्यांत दोन मासे वेगळे दिसू लागतात. ते एकाच कुंडीला धरून राहतात, बाकीच्यांना जवळ फिरकू देत नाहीत, एक वाढलेला असतो आणि दुसरा त्याहून थोडा लहान. ही तुमची जोडी. त्या दिवसापासून बाकीच्यांना तिथे ठेवायचं नाही. ‘उद्या काढू’ म्हणालात तर उद्या एखादा कमी झालेला असेल. उरलेली पिल्लं दुसऱ्या टाकीत घालून त्यांतून दुसरी जोडी जमते किंवा ती विकता येतात.

दुसरी रीत : एक मोठा, एक लहान. तुमच्याकडे एकच मासा असेल किंवा जोडीतला एक मेला असेल तर ही रीत. नवा येणारा मासा नेहमी लहानच हवा. निम्म्या मापाचा असला तर उत्तम. दोघांत फरक जितका स्पष्ट, तितका वाद कमी.

इथे बऱ्याच जणी चुकतात. मादी मेली म्हणून बाजारातून दुसरी मोठी मादी आणतात. पण घरातला नर आता स्वतःच मादी व्हायच्या वाटेवर असतो. दोघांची जुंपते. नियम सोपा आहे : मादी जावो की नर जावो, येणारं पिल्लू लहानच. राहिलेला मोठा मादी होईल, आलेलं लहान नर होईल. पैसेही कमी लागतात.

लहान पिल्लू सोडताना ही पायरी धरा :

1. स्वयंपाकघरातला मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. कधी साबण, तेल न लागलेला. त्याला गरम सळईने पुष्कळ भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा.
2. पिल्लू डब्यात ठेवून डबा टाकीत बुडवून बांधा. पाणी एकच, पण मोठीला त्याला चावता येत नाही.
3. पाच ते सात दिवस तसंच ठेवा. पहिल्या दिवशी मोठी डब्यावर धडका मारेल. हळूहळू धडका कमी होऊन ती नुसती शेजारी राहू लागली की ती वेळ झाली.
4. सोडण्याआधी कुंड्यांच्या जागा बदला. मोठीला घर नवं वाटलं की ‘हे माझं’ हा तोरा उतरतो.
5. संध्याकाळी, दिवा बंद करून सोडा. अंधारात पाठलाग कमी होतो. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळपासून कुणीतरी टाकीसमोर बसायचं. म्हणून घरात लग्नकार्य, पूजा असेल तो दिवस धरू नका.

वेगवेगळ्या जातींचे क्लाऊनफिश एकत्र करू नका. मरून क्लाऊन नावाची गडद लाल जात तर सगळ्यात तापट. नवशिक्या गटाने तिच्या वाटेला जाऊ नये.

4. रोजची कुरबुर आणि धोक्याचं भांडण

हा धड्याचा गाभा. सगळंच भांडण थांबवायचं नसतं. थोडी कुरबुर झाल्याशिवाय कोण मोठं, कोण लहान हे ठरत नाही आणि ते ठरल्याशिवाय जोडी होत नाही. तुम्ही सारख्या मधे पडलात, तर रोज पहिल्यापासून सुरुवात.

हे चालू द्या :

- मोठी मधून मधून पाठलाग करते आणि पाच-दहा सेकंदांत थांबते.
- लहान मासा तिच्यापुढे आडवा होतो आणि अंग थरथरवतो. बघणारीला वाटतं फेफरं आलं की काय. तसं नाही. ही त्याची शरणागती. ‘तू मोठी, मला मान्य आहे.’ जोडी जमण्याची ही सगळ्यात चांगली खूण.
- टाकीतून बारीक टक-टक, कट-कट आवाज येतो. हे मासे जबड्याने आवाज करतात.
- लहान मासा हाकलला तरी परत तिच्या जवळ येतो आणि खाद्य खातो.

यावर नजर ठेवा, वहीत लिहा :

- शेपटीची किंवा परांची कड थोडी फाटलेली.
- लहान मासा दिवसातून बराच वेळ वरच्या कोपऱ्यात किंवा फिल्टरच्या मागे.
- खायला येतो, पण घाबरत घाबरत.

हे दिसलं की त्याच घटकेला वेगळं करा :

- दोघं समोरासमोर, तोंडात तोंड अडकवून झोंबतात. कुणीच थरथरून शरण जात नाही. बहुधा दोघी माद्या आहेत.
- पाठलाग थांबतच नाही. लहान शरण गेला तरी मोठी चावतच राहते.
- पर हाडापर्यंत फाटलेत, खवले गेलेत, डोळ्याला लागलंय.
- लहान मासा दिवसभर खात नाही, जोरजोरात कल्ले हलवत एका जागी पडून आहे.

एक खूण लक्षात राहील अशी सांगायची तर : लहान मासा शरण गेल्यावर मोठी थांबते का, ते बघा. थांबली तर कुरबुर. नाही थांबली तर मार.

5. वेगळं काढायचं कुणाला?

सवयीने आपण मार खाणाऱ्याला बाहेर काढतो. जखमी असेल तर ते बरोबर, त्याला शांतपणा हवा. पण जखम नसेल तर उलटं करून बघा. मारणाऱ्या मोठीला भोकाच्या डब्यात घाला आणि लहानाला टाकीत मोकळं सोडा. चार-पाच दिवस लहान मासा सगळीकडे फिरतो, कुंडी ओळखीची करतो, पोटभर खातो. मोठी बाहेर आल्यावर तिची हुकमत थोडी उतरलेली असते. कुंड्यांच्या जागा पुन्हा बदलायला विसरू नका.

असं दोन-तीनदा करूनही तीच गत असेल तर ती जोडी सोडून द्या. दुसरं, आणखी लहान पिल्लू आणा. काही जोड्या जमत नाहीत, त्यात तुमचा काही कमीपणा नाही.

जखमी माशासाठी वेगळी छोटी टाकी किंवा टब : तेच खारं पाणी, हवेचा पंप, एक कुंडी, मंद उजेड. पाणी रोज थोडं बदला. स्वच्छ पाण्यात फाटलेला पर एक-दोन आठवड्यांत भरून येतो. हळद, माणसांच्या गोळ्या, कुणी सांगितलेलं औषध असलं काही पाण्यात घालू नका. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं किंवा अंग सुजलं तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना दाखवा.

6. खाद्यावरून होणारा वाद

भूक लागली की भांडण वाढतं. हे आपल्याला सांगायला नको. दिवसातून दोन-तीन वेळा, थोडं थोडं द्या. कोळंबी, तिसऱ्यांचं मांस, माशाची गाबोळी बारीक चिरून, गोड्या पाण्याने धुऊन. टाकीच्या दोन टोकांना एकाच वेळी टाका, म्हणजे मोठी एकीकडे गुंतते आणि लहानाला दुसरीकडे मिळतं. दहा मिनिटांत उरलेलं काढून टाका. सडलं की अमोनिया होतो, अमोनियाने कल्ले जळतात, आणि मासे पुन्हा चिडतात.

7. अंडी आल्यावरचा राग वेगळा

जोडी जमली की दोघं मिळून कुंडीचा एखादा भाग तोंडाने घासून साफ करतात. मग तिथे केशरी अंडी चिकटवतात, शेकड्यांनी. अंड्यांची राखण जास्त करून नर करतो. परांनी वारा घालतो, मेलेलं अंडं काढतो. मादी कधी त्याला ढोसून अंड्यांकडे पाठवते. ते भांडण नव्हे, कामाला लावणं आहे. या दिवसांत टाकीत हात घातलात तर मादी तुमच्या बोटालाही चावेल. घाबरू नका, पण हात उगाच घालूही नका. सात-आठ दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे दिसतात आणि अंधार पडल्यावर पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीच्या एक-दोन वेळा जोडी स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. त्यावरून जोडी मोडू नका. पिल्लं वाढवणं हा स्वतंत्र धडा आहे, तो ऐरोलीसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष बघूनच शिकावा.

8. गटाने करायची कामं

टाकी दहा जणींची असली की ती कुणाचीच नसते, असं व्हायला नको. नवी जोडी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस पाळी लावा. सकाळी एक, संध्याकाळी एक. टाकीशेजारी वही बांधून ठेवा आणि रोज पाचच गोष्टी लिहा : तारीख, तापमान, खारटपणा, दोघांनी खाल्लं का, पर फाटलेत का. सोबत बघणारीची सही. आठवड्याने वही चाळली की भांडण वाढतंय की उतरतंय ते दिसतं. एकीच्या डोळ्याला जे दिसत नाही ते वहीला दिसतं.

कर्ज काढण्याआधी हिशेबात वर्षभराचा काळ धरा. पहिल्या महिन्यापासून हप्ता फेडता येईल असं या धंद्यात होत नाही. एका जोडीवर सगळं अवलंबून ठेवू नका. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली आली तेव्हा महिलांसाठी 60 टक्के अनुदान ठरलं होतं. सध्या कोणतं अनुदान चालू आहे, कागद कोणते लागतात हे अलिबागच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. एजंटाला पैसे देऊन नाही, गटाच्या ठरावाचं पत्र घेऊन जा.

9. माशापुरतंच

शेवटी एक बोलणं. जोडीत थोडं भांडण चालायचंच, जमेल हळूहळू, असं या धड्यात वर लिहिलंय. ते माशापुरतं आहे. हेच वाक्य आपण मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीलाही ऐकवतो. नीट बघा, माशाच्या बाबतीतही आपण काय ठरवलं : शरण गेल्यावरही मार थांबत नसेल तर त्या घटकेला वेगळं करायचं, आणि दोष भिंतींत अडकलेल्याला द्यायचा नाही. माणसाच्या घरात तर पहिला मारही चालवून घ्यायचा नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, 181 हा महिला मदत क्रमांक आहे. हा नंबर टाकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वही रोज उघडली जाते आणि ती कुणाच्याही हातात असते.

बैठकीत बोलण्यासाठी

1. आपल्या टाकीतली मादी मेली तर आपण काय आणू? मोठा मासा की लहान? का?
2. लहान मासा आडवा होऊन थरथरतोय. वेगळा करायचा का?
3. वीज चार तास गेली तर आपल्याकडे काय सोय आहे? कुणाच्या घरी?
4. पहिल्या पंधरा दिवसांची पाळी आत्ताच लावा आणि नावं वहीत लिहा.
5. जोडी जमली नाही तर गटाचं नुकसान किती, आणि ते सोसायची आपली तयारी आहे का? आकडा काढून मगच ठराव करा.